नारळ आणि डावी मूठ

वसईत कुठे थंडी असते, असं म्हणणारा भेटला की सदानंद त्याला एकच सांगायचा. जानेवारीत पहाटे साडेपाचला मोटारसायकलवर बस, नालासोपाऱ्याचा पूल उतर, निर्मळवरून भुईगावापर्यंत वाड्यांमधून जाऊन ये आणि मग तोंड उघड. केळीच्या बागा ओल्या असतात, समुद्राकडून वारा येतो, आणि पोचेपर्यंत हाताला बोटं किती होती ते आठवावं लागतं.

सदानंद स्वतः त्या वेळी त्या रस्त्याला कधी गेला नव्हता. त्याला ही थंडी कळली होती ती सुनेच्या बोटांवरून.

सून म्हणजे रचना. विरार पूर्वेला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. मुलगा संकेत मुंबईला नोकरीला जायचा, त्याची जुनी मोटारसायकल रचना चालवायची. तिचं काम लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढायचं. उपाशीपोटी रक्त द्यायचं असतं, म्हणून पहाटेच निघावं लागे. वसईच्या पश्चिमेकडच्या गावांमधल्या अरुंद गल्ल्या लॅबमधल्या कुणालाच नको होत्या, त्या तिनं घेतल्या. बायकांनी स्कूटर चालवावी, मोटारसायकल नव्हे, असं सोसायटीतल्या चार रिकामटेकड्यांचं मत होतं. त्या चौघांचं रक्त काढायला मात्र तीच लागायची, कारण ती टोचते ते कळत नाही.

ती शीर डोळ्यांनी शोधत नसे. दंडाला रबरी पट्टा बांधला की डोळे मिटायची, दोन बोटं कोपराच्या खोबणीत ठेवायची आणि थांबायची. बोटाखाली शीर स्वतःहून वर आल्यासारखी व्हायची. सदानंदनं हे स्वतःच्या हातावर पाहिलं होतं. तीस वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस तो. नट दिले, बेअरिंगं दिली, बेल्ट दिले, बसवलं मात्र कधीच काही नाही. त्यामुळे हातानं काम करणारं माणूस दिसलं की तो देवळात उभं राहावं तसा उभा राहायचा. आणि असं माणूस त्याच्या घरातच सून होऊन आलं होतं.

तीच बोटं डिसेंबरपासून दगा देत होती. गार वारा लागला की आधी मेणासारखी पांढरी, मग निळी, मग लाल होऊन ठणकायची. डॉक्टरनं पाहिलं आणि सांगितलं, "हात गरम ठेवा." एवढं सांगायला माणूस इतकी वर्षं शिकतो.

मनोरमानं, म्हणजे सासूनं, लोकरीचे हातमोजे विणून दिले. ते झाले, मग चामड्याचे झाले, मग एकावर एक दोन झाले.

"आई, मोजे ऊब देत नाहीत," रचना म्हणाली. "असलेली ऊब धरून ठेवतात. माझ्या बोटांत नाहीच, तर धरणार काय?"

आणि मग गॅब्रिएल सरांचं झालं.

गॅब्रिएल सर भुईगावचे, निवृत्त शिक्षक. कॅन्सरचं औषध चालू होतं. दर सोमवारी रक्त तपासायचं, ते बरोबर आलं तर मंगळवारी औषध, नाहीतर आठवडा फुकट. औषधांनी त्यांच्या शिरा सुकून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. लॅबच्या दोघांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. रचनानं सहा महिने एका सुईत काम केलं. मागच्या सोमवारी मात्र तीनदा टोचलं, तिन्ही वेळा चुकलं, सरांचा हात काळानिळा झाला आणि त्यांच्या मुलीनं, डायनानं, लॅबला फोन केला. डायनाचं चुकलं असं कोण म्हणेल? बाप कुणाचा होता?

लॅबच्या मॅनेजरनं रचनाला समोर उभं केलं. "आणखी एक तक्रार आली की घरोघरी जाणं बंद. काउंटरवर जागा असली तर बघू." पंधरा मिनिटांत एक घर असा हिशेब एसीत बसून याच माणसानं लावला होता. बोटं गरम व्हायला वीस मिनिटं लागतात, हे त्याला कोण सांगणार?

रचना घरी आली आणि रडली नाही. मोबाइलवर शोधाशोध करून तिनं गरम होणाऱ्या ग्रिप मागवल्या. मोटारसायकलच्या हँडलवर बसवायच्या, आत तारेचं जाळं, बॅटरीवर चालणाऱ्या. खोका आला तशी ती कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेली.

गॅरेजवाला हसला. "मॅडम, ये लडाखवालों का आयटम है. विरारमें क्या करोगी? बॅटरी बैठ जाएगी."

"मग नको बसवू," ती म्हणाली आणि खोका काखेत मारून परत आली.

शनिवारी दुपारी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तिनं जुनी चादर पसरली. सदानंद मोबाइलचा टॉर्च धरायला खाली आला. तिनं सामान मांडलं ते पाहून त्याला तिच्या रक्ताच्या ट्रेची आठवण झाली. उजवीकडे पकड, पाने, कानस. डावीकडे स्पिरिटचा कापूस, रिकामी सिरिंज, दोन रबरी पट्टे. मध्ये नव्या ग्रिप.

सोसायटीचा सेक्रेटरी भूपेश फेरी मारत आला. "काका, पार्किंगमध्ये गॅरेजचं काम अलाउड नाही."

"गॅरेजवाला येडा निघाला म्हणून इथे करतोय," सदानंद म्हणाला. "तू चल पुढे."

तिनं जुन्या ग्रिपला ब्लेडनं उभी चीर दिली आणि केळ सोलावं तशी ती काढली. उजवीकडे, रेस द्यायच्या बाजूला, आत प्लास्टिकची नळी होती. नळीवर बारीक उंचवटे होते, त्यांवर नवी ग्रिप चढेना. तिनं टोकाचे दोन उंचवटे कानशीनं घासले, चढवून पाहिलं, काढलं, पुन्हा घासलं. घाई नाही. नळीवरून बोट फिरवायची आणि जिथे बोट अडेल तिथेच घासायची.

"या वायरीला एवढी ढील कशाला?" सदानंदनं विचारलं.

"रेस दिली की ग्रिप फिरते, तिच्याबरोबर वायर फिरणार. घट्ट बांधली तर रेस परत येणार नाही." तिनं ग्रिप पिळून सोडली, ती टक करून जागेवर आली. "मग भुईगाव नाही, बाबा, सरळ समुद्र."

मग तिनं सीट काढली. खाली रंगीत वायरींचा गुंता. चावी फिरवल्यावरच जिच्यात करंट येतो अशी वायर हवी, नाहीतर गाडी उभी असतानाही ग्रिप बॅटरी खात बसतील. टेस्टर एकेका वायरीला लावत ती गेली, चौथ्या वायरीला दिवा लागला. चावी बंद केली, दिवा गेला. बॅटरीपासून फ्यूज घालून वेगळी लाइन आणली, जोडांवर टेप मारली, हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून वायर कुठे ताणत नाही ना ते पाहिलं.

"आणि बॅटरी बसली तर? तो म्हणाला तसं?"

"त्यानं गणित नाही केलं, मी केलं. हेडलाइटचा जुना बल्ब पस्तीस वॅट खायचा. काल काढला, एलईडी टाकला, तो बारा खातो. उरले त्यात ग्रिप. फुल नाही लावणार, दोन नंबरवर पुरतील."

बारावीनंतर एक वर्षाचा लॅबचा कोर्स केलेली पोर. खाडीकाठच्या गावात भात लावत, जाळी विणत वाढलेली. कारखान्यात वॅटचं गणित करायला तीन इंजिनीअर होते, आणि तिघेही आधी स्टोअरला फोन करून विचारायचे, किती वॅटचा आहे तुमच्याकडे.

चिकटवण्याआधी तिनं इंजिन चालू करून दोन्ही ग्रिप त्याच्या हातात दिल्या. मिनिटभर काही नाही. मग आतून ऊब आली. फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरीसारखी ऊब.

"आलं," तो म्हणाला.

शेवटी तिनं हँडलची नळी स्पिरिटच्या कापसानं पुसली, टोचण्याआधी दंड पुसतात तशी, आतून बाहेर. सिरिंजमध्ये गोंद भरला, ग्रिपच्या आत त्याचं कडं काढलं, ग्रिप पिळत चढवली. वर रबरी पट्टे आवळून बांधले.

"उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, कुणीच. चोवीस तास लागतात."

"कोण लावतंय हात?" सदानंद म्हणाला.

रविवारी ती बापाला भेटायला माहेरी गेली, बसनं. इकडे सदानंदला चैन पडेना. वाण्याला सांगून झालं, पेपरवाल्याला सांगून झालं, मजल्यावरच्या तिन्ही घरांत सांगून झालं. तरी छातीत काहीतरी उरलंच. मग त्याला स्टोअर आठवलं. कारखान्यात नवं यंत्र बसलं की नारळ फुटल्याशिवाय बटण दाबत नसत, आणि तो नारळ स्टोअरमधून सदानंदच्या सहीनं निघायचा. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांनी बसवलेल्या यंत्रांवर नारळ फोडले. आपल्या घरच्या हातानं बसलेलं हे पहिलं, आणि ते तसंच कोरडं राहायचं?

हात लावायचा नाही, असं ती म्हणाली होती. पूजा म्हणजे काही हात लावणं नव्हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. शहाणी माणसं मूर्खपणा करतात तेव्हा असंच करतात, आधी त्याला कारण शोधतात.

झेंडूचा हार आणला. हळदकुंकू नीट लागावं म्हणून रबरी पट्टे सोडले. हार दोन्ही ग्रिपना गुंडाळून बांधला. नारळ फोडला, त्याचं अर्धं पाणी उजव्या ग्रिपवर घातलं आणि अर्धं डावीवर. भूपेश प्रसादाला आला. पेढा खाऊन मोबाइलवर फोटो काढला. "काका, भारी दिसतेय गाडी." कालचा नियम पेढ्याबरोबर गिळला गेला होता.

चारच्या सुमाराला सदानंद हार उतरवायला खाली गेला. उजवी ग्रिप घट्ट होती, उंचवट्यांवर दाबून बसलेली. डावीवरचा हार ओढला आणि हाराबरोबर ग्रिप फिरली. बरणीचं झाकण फिरावं तशी. आतून पांढरं चिकट पाणी बोटांवर आलं.

त्यानं ती जागेवर ढकलली. कुंकू पुसलं. पट्टे होते तसे बांधले. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. कुणालाही काही कळलं नसतं.

वर येऊन तो पंख्याखाली बसला, जानेवारीत.

"काय झालं?" मनोरमानं विचारलं.

त्यानं सांगितलं. मनोरमा हातातली मेथी निवडायची थांबली.

"एवढं कौतुक होतं तर तोंडानं करायचं होतं. तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली, एकदा तरी म्हणालात तिला, की पोरी, चांगलं करतेस? सगळ्या बिल्डिंगला सांगता. तिला सोडून."

"आता ते काढू नकोस."

"तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

सदानंदच्या नजरेसमोर भुईगावचं एक वळण येत होतं, जे त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. अंधुक उजेड, समोरून टेम्पो, ती डाव्या हातानं क्लच ओढते आणि हँडल मागे ठेवून ग्रिप हातात येते. त्यापुढचं तो बघत नव्हता.

सातला रचना आली. येताना रिक्षानं आली होती, दोन्ही बाजूंनी वारा. हातात वालाच्या शेंगांची पिशवी होती, तिच्या बापानं जाळ्याच्या नायलॉन धाग्यानं तोंड बांधून दिलेली. बोटं पांढरी पडली होती. सदानंद दारातच उभा होता.

"रचना, मी नारळ फोडला."

"कुठे?"

"गाडीवर. पाणी घातलं. डावी फिरतेय."

ती चिडली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची. "किती पानी?"

"अर्ध्या नारळाचं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, मला पूजा नको होती. मला चोवीस तास हवे होते. उद्या सोमवार आहे."

सदानंदनं मान खाली घातली. वयानं मोठा असल्याचा त्याला त्या क्षणी काहीही उपयोग नव्हता.

"पट्टे होते तसे परत बांधलेत. मी बोललो नसतो तर तुला कळलं नसतं," तो म्हणाला.

"कळलं असतं. निघायच्या आधी मी दोन्ही मुठी पिळून बघते, रोज." ती उठली. "पण तुम्ही सांगितलंत. चला खाली. माझ्या बोटांना आत्ता काही कळत नाहीये. तुम्ही करा, मी सांगते."

"मी?"

"मग कोण? भूपेश?"

साठी उलटलेल्या सदानंदनं आयुष्यात पहिल्यांदा पकड हातात घेतली ती दुसऱ्याला देण्यासाठी नव्हे. डावी ग्रिप ओढून काढली. ओला गोंद खरवडला. नळी स्पिरिटनं पुसली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"अजून," रचना म्हणाली. काखेत बोटं घालून ती शेजारी उभी होती. "गोडी राहिली तर गोंद धरणार नाही. वास घेऊन बघा."

त्यानं वास घेतला. "खोबऱ्याचा येतोय."

"मग अजून."

जोडांवर तिनं टेप मारली होती, तिथे पाणी शिरलं नव्हतं. नवा गोंद, नवं कडं. ग्रिप चढली.

"पण चोवीस तास?"

"गोंद उबेत लवकर धरतो. ऊब तर ग्रिपमध्येच आहे. गाडी गेटाबाहेर घ्या, चालू करून ठेवू. तरी मी नुसत्या गोंदावर विश्वास ठेवणार नाही." तिनं वालाच्या पिशवीचा धागा दातानं सोडला. "आतल्या कडेवर सहा वेढे. आता टोक त्याच वेढ्यांखालून घाला. तसं नाही, उलट. जाळ्याला बापूस अशीच गाठ मारतो. मूठ जितकी फिरायला बघेल तितकी ही आवळेल."

पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा अंगठा आतच बांधला गेला, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. पाचव्यांदा गाठ बसली.

गाडी चालू झाली तसा भूपेश खिडकीत आला. "काका, धूर घरात येतोय. नियम आहे..."

"सकाळचा पेढा परत कर आणि मग नियम सांग," सदानंद म्हणाला. भूपेशनं खिडकी लावून घेतली.

पाऊण तास तो मुठीजवळ उभा होता, आजाऱ्याच्या उशाशी उभं राहावं तसा. मग त्यानं दोन्ही हातांनी डावी ग्रिप पिळली, होती नव्हती ती ताकद लावून. हलली नाही.

पहाटे रचना निघाली तर सदानंद कानटोपी घालून जिन्यात.

"तुम्ही कुठे?"

"गाठ माझी आहे. सुटली तर मी बरोबर पाहिजे."

तिनं दोन्ही मुठी पिळल्या, एकदा उजवी, एकदा डावी, डावी पुन्हा एकदा. मग म्हणाली, "बसा."

निर्मळच्या पुढे वाऱ्यानं सदानंदच्या डोळ्यांतून पाणी काढलं. त्यानं हात खिशात घातले होते तरी ते बधिर झाले. ही पोर दोन महिने हे रोज करत होती आणि घरी येऊन म्हणायची, जरा गार होतं. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. पाठ ताठ होती.

गॅब्रिएल सर व्हरांड्यात शाल पांघरून बसले होते. डायना दारात हाताची घडी घालून उभी. कुणी सुप्रभात म्हणालं नाही.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"माझे सासरे, सर. मेकॅनिक आहेत."

सदानंद खोकला. रचनानं हेल्मेट काढलं, हात धुतले. सदानंद तिची बोटं बघत होता. गुलाबी होती. तिनं पट्टा बांधला, डोळे मिटले, दोन बोटं कोपराच्या खोबणीत ठेवली. थांबली. डायनाही थांबली. वाडीत कुठेतरी पाण्याचा पंप सुरू झाला. रचनाची बोटं तिथून सरकून मनगटाच्या वर गेली, तिथे पुन्हा थांबली, आणि सुई आत गेली. नळीत लाल रेघ उमटली आणि भरत गेली.

"मूठ सोडा, सर. झालं."

"झालं?" सर म्हणाले.

डायनानं कापूस आपल्या हातानं दाबून धरला. बापाच्या हाताकडे बघतच म्हणाली, "पुढच्या सोमवारी दुसऱ्या कुणाला पाठवू नका म्हणून सांगते मी लॅबला." मग सदानंदला विचारलं, "कॉफी घेणार?"

"घेतो," सदानंद म्हणाला, "पण आधी हिला." आणि मग दाराबाहेर, गाडीपाशी, रचना नमुन्याचा डबा बांधत होती तेव्हा त्यानं घसा खाकरला. दहा वर्षं झाली होती, शब्द गंजले होते.

"चांगलं करतेस," तो म्हणाला. "फार चांगलं करतेस तू."

तिनं डब्याचा पट्टा आवळला. "पुढचं घर गास गावात आहे, बाबा. सात मिनिटं आहेत." मग तिनं गाडी चालू केली, त्याचे दोन्ही गारठलेले हात धरले आणि ग्रिपवर ठेवले. "तोवर हे धरा. कॉफी मी आणते."